माक्याची पाटी

आमच्या सोसायटीच्या औषधी बागेत 'माका' अशी हिरवी पाटी आहे आणि पाटीखाली स्वच्छ, भुसभुशीत माती आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींनी बजावलं होतं, "तण दिसता कामा नये." निंदायला आलेल्या सखूबाईंनी विचारलं, "साहेब, ह्यो माका बी काढू का?" साहेब म्हणाले, "पाटी सोडून सगळं काढा."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फीत कापली, झारीनं त्या उघड्या मातीला पाणी घातलं आणि चीन-जपानातही या वनस्पतीला केवढा मान आहे, ते चिठ्ठीवरून वाचून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. रोप नाही हे कुणाला खटकलं नाही, कारण ते कसं दिसतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. निम्म्या लोकांच्या डोक्याला मात्र माक्याचं तेल होतं. छापलेलं तेवढं औषध आणि उगवलेलं ते तण, एवढीच आमची अक्कल.

मग मी पुस्तकात माक्याचं चित्र बघून घेतलं. काल गटाराकडेला तो पुन्हा उगवलेला दिसला, बारीक पांढऱ्या फुलांसकट. मी सेक्रेटरींना बोलावून म्हटलं, "हा बघा तुमचा माका." त्यांनी वाकून पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं आणि सखूबाईंना हाक मारली.

"अहो, हे राहिलंय इथं."