कालव्याकाठची जोडी-दौड

मे महिन्यात माणसांना पळायला लावणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे, असं माझं आजही मत आहे. त्या वर्षी ती शिक्षा मलाच व्हायला हवी होती, कारण जोडी-दौडीत आमची नावं मी घातली होती.

दौड पाच किलोमीटरची. धायरीच्या अलीकडच्या एका लग्नाच्या लॉनवरून निघायचं, कालव्याच्या कडेने जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. पत्रकावर ‘निसर्गरम्य कालव्याकाठी, आपल्या जोडीदारासोबत’ असं छापलं होतं. लिहिणारा तिथे कधी फिरकला नसावा, किंवा त्याला नाक नसावं. झाडं आहेत, लांबवर सिंहगड दिसतो, ते सगळं खरं. पण आमच्याकडची शिकलीसवरलेली माणसं आठवड्याचं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधतात, गाडी कडेला घेतात, पिशवी कालव्यात भिरकावतात आणि वर तिला हात जोडतात. त्या पिशव्या झुडपांना अडकून फुगतात, कुजतात, त्यांतून काळं पाणी गळतं. झेंडू आणि मेलेला उंदीर यांचा एकत्र वास कसा असतो ते मला त्या रस्त्यावर कळलं. देवालासुद्धा हे सोसवत नसेल.

नवरा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. (समोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना ‘तो’ म्हणते, तेवढी मोकळीक मला असावी.) आदल्या वर्षी त्याच्या हृदयात दोन स्टेंट घातले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाळीस मिनिटं भराभर चाला, नाहीतर पुन्हा याच टेबलावर भेटू. सुरुवातीला मी बरोबर जायचे. एक दिवस तो म्हणाला, “मला पहारेकरी नको. मी काही येरवड्यातून सुटून आलेलो नाही.”

तेव्हापासून तो एकटा जाऊ लागला. सहाला निघायचा, सातला यायचा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा, ‘४० मि.’ पुढे पंचेचाळीस झाली. एप्रिलात पन्नास. त्याचं अक्षर सुरेख आहे. ते चौकोन बघून मला वाटलं, माणूस सुधारला, जरा कौतुक करावं. म्हणून नावं घातली. सांगितलं तेव्हा तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, “मे महिन्यात?”

“रोज पन्नास मिनिटं चालता ना? मग पाच किलोमीटर म्हणजे काय!”

यावर तो काहीच बोलला नाही. पुणेरी माणूस उत्तर देत नाही तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, हे तीस वर्षांच्या संसारानंतर मला कळायला हवं होतं.

त्या दिवशी सकाळी लॉनवर दीडदोनशे जोडपी जमली होती. प्रत्येकाला टी-शर्ट दिला होता, नवऱ्याच्या छातीवर अर्धं बदाम, बायकोच्या छातीवर उरलेलं अर्धं. शेजारी उभं राहिलं की बदाम पुरा. दोन स्टेंटवाल्या माणसाला असला शर्ट घालायला लावणाऱ्याच्या विनोदबुद्धीला मी मनातल्या मनात नमस्कार केला. माइकवरचा तरुण ओरडत होता, “कमॉन कपल्स, थोडा प्यार दिखाओ! काका, काकूंचा हात पकडा ना!” आणि मग एका मुलीने येऊन आमची मनगटं गुलाबी रिबनीने एकमेकांना बांधली. शेवटपर्यंत रिबन सुटता कामा नये, सुटली तर जोडी बाद, असा नियम. नवऱ्याचा हात ओला होता. अजून सूर्य नीट वर आला नव्हता आणि त्याचा घाम माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. मला शिसारी आली. नवऱ्याच्या घामाची शिसारी येते हे कुणी उघड बोलत नाही, पण येते.

धावायला लागलो. आमच्या पुढचं जोडपं दर दोन मिनिटांनी थांबून फोटो काढत होतं. त्यातल्या बाईने पाण्याची बाटली तोंडाला लावली, दोन घोट प्यायली आणि उरलेली बाटली कालव्यात फेकली. सगळ्यांच्या शर्टांच्या पाठीवर ‘निसर्ग वाचवा’ लिहिलेलं होतं. मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. त्या रागाच्या भरात माझा वेग वाढला.

नवरा मागे पडत होता. रिबन ताणली जायची, मी हिसका द्यायचे, तो दोन पावलं पळायचा.

“चला हो. पन्नास मिनिटंवाले ना तुम्ही!”

“येतोय,” तो म्हणाला. एवढंच. त्याचं तोंड उघडं होतं आणि आतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तो ऐकला. तरी वाटलं, आळस आहे, सकाळी लवकर उठल्याची कुरकुर आहे. कॅलेंडर माझ्या बाजूने होतं. मी आणखी एक हिसका दिला.

आमच्या सोसायटीचा रस्ता जिथे कालव्याला मिळतो तिथे एक चहाची टपरी आहे. चालवणारी बाई मूळ गावातली, बांधकामांत शेत गेलेल्या घरातली. तिने आम्हाला बघितलं आणि हातातलं पातेलं तसंच धरून हाक मारली, “काका, आज पळत व्हय? अन् काकूंना बी आणलंय! या की, बसा. क्रीमरोल ठेवलाय तुमचा.”

मी थांबले. रिबनीमुळे त्यालाही थांबावं लागलं.

“तुमचा म्हणजे?” मी विचारलं.

“आवं, रोजचाच हाय त्यांचा. दोन चहा, एक क्रीमरोल. सव्वासहाला येत्यात, पेपर वाचत्यात, पावणेसातला उठत्यात. जानेवारीपास्नं एक दीस चुकला न्हाई.”

मी नवऱ्याकडे वळले, चार शब्द सुनावायला. पण त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता आणि ओठांना रंगच नव्हता. चार महिने बाकड्यावर बसलेल्या माणसाला मी दीड किलोमीटर दाव्याने ओढत आणलं होतं. मी दातांनी रिबन तोडली आणि त्याला बाकड्यावर बसवलं. जिभेखालची गोळी त्याच्या पाकिटात होती, ती काढून हातात धरली.

“छातीत दुखतंय का?”

त्याने मान हलवली. “नुसती धाप.”

स्कूटरवरून एक स्वयंसेवक आला. “काकू, रिबन तुटली तर जोडी बाद होते हां.”

“झाली बाद. लिहून घ्या आणि चालते व्हा.”

पंधरा मिनिटांनी ओठांना रंग आला. तेव्हा मी विचारलं, “चार महिने खोटं लिहीत होतात? तेही सुवाच्य अक्षरात?”

तो कालव्याकडे बघत म्हणाला, “पहिले दोन दिवस गेलो पुढे. त्या वळणानंतर कुणी नसतं. छातीत धडधडलं की वाटायचं, झालं, संपलं. इथे पडलो तर या पिशव्यांबरोबर पडून राहीन. इथे टपरीवर निदान माणसं असतात.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला पहारेकरी म्हणालो होतो ना. आता कुठल्या तोंडानं बोलवू?”

आणि मग मला स्वतःची जी किळस आली, तिच्यापुढे तो कालवा काहीच नव्हता. कारण मला माहीत होतं. त्याच्या बुटांना कधी धूळ नसायची. मिशीला साखर असायची. सकाळी त्याच्या अंगाला घामाऐवजी वेलदोड्याचा वास यायचा. हे सगळं मला दिसत होतं आणि मी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर पुन्हा रोज बरोबर जावं लागलं असतं. आजारपणानंतर मी महिनोन् महिने रात्री त्याच्या नाकापुढे बोटं धरून झोपले होते. सहा ते सात या वेळात घरात कुणाचा श्वास ऐकायचा नसायचा. मी एकटीने चहा घ्यायचे, खिडकीत पाय पसरून. तो तास मला इतका गोड लागला होता की त्यासाठी मी नवरा कॅलेंडरच्या हवाली केला होता.

आम्ही चालत घरी आलो. तो टी-शर्ट मी फरशी पुसायला काढला.

दुसऱ्या दिवसापासून सहाला दोघं निघतो. वळणापलीकडे जातो. मी दोन पावलं मागे असते, त्याच्या श्वासाकडे कान लावून. नाकाला पदर लावला तरी वास यायचा तो येतोच. कधीकधी तो म्हणतो, “आज तू पड जरा. जाईन मी एकटा.” अंथरूण उबदार असतं आणि खोटं कशाला सांगू, तो तास मला अजूनही हवा असतो. पण तो तास मला एक ना एक दिवस मिळणारच आहे, मग रोज, न मागता. म्हणून मी उठते आणि बुटांच्या नाड्या बांधते.