पदरवाली गिन्नी

घरात बसवत नाही. सकाळी चहा करून पितो, कप धुतो, खाटेवर टेकतो, परत उठतो. दाराला कुलूप लावून वाशीमकडच्या आमच्या मालेगावच्या स्टँडवर जातो. कुठली तरी गाडी लागलेली असते. कधी चढतो, कधी तिथूनच माघारी येतो. बायको जाऊन आठ महिने झाले. लोक म्हणतात, आता सवय झाली असेल. म्हणोत.

मी गिन्न्यांचा धंदा केला. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. गिन्नी म्हणजे इंग्रजांचं सोन्याचं नाणं. बावीस कॅरेट, आठ ग्रॅमला केसभर कमी. एका अंगाला राजा नाहीतर राणी, दुसऱ्या अंगाला घोडेस्वार. आमच्या भागातल्या जुन्या घरांत अजून आहेत, कोणाच्या गळ्यातल्या पोतीत ओवलेल्या, कोणाच्या डब्यात. गावोगाव फिरून मी त्या घ्यायचो आणि वाशीमच्या, अकोल्याच्या सराफाला नाहीतर एखाद्या लग्नघरी विकायचो. मधला नफा माझा. खोटं नाणं मी आयुष्यात दिलं नाही. खोटं बोललो, तो भाग वेगळा.

धंदा चालायचा तो बायकोमुळे. परक्या माणसापुढे बाई सोनं काढत नाही. मी एकटा गेलो की "मालक वावरात गेले" एवढं ऐकून परत. म्हणून तिला सोबत न्यायचो. ती सरळ आत जाऊन चुलीपाशी बसायची, त्यांच्या शेंगा मोडायला घ्यायची, कोणाचं लेकरू मांडीवर घ्यायची. तासाभराने घरची बाई आपणच डबा काढायची. मी तोवर ओट्यावर काटा घेऊन बसलेला.

"धंदा तुमचा," ती परत येताना म्हणायची, "अन् लोकायचा च्या पेऊ पेऊ पोट माहं फुगते."

गिन्न्यांत एक जात असते. तिच्यावरची राणी म्हातारी आहे आणि तिने डोक्यावरून पदर घेतल्यासारखं कापड घेतलेलं आहे. आमच्याकडे तिला पदरवाली म्हणतात. कोणी सांगून ठेवलं देव जाणे, पण जुन्या बायांना ठाऊक असतं की या राणीचा नवरा मेला होता आणि तो पदर विधवेचा आहे. म्हणून पदरवाली नवरीच्या पोतीत ओवायची नाही. सराफाला यातलं काही नाही. तो वजन बघतो, कस बघतो. मला हे बरं सापडलं होतं. घेताना म्हणायचो, "हे रांडव राणी हाये बाई, लग्नात चालत नाई, भाव कमी भेटीन." आणि जिथे ही गोष्ट माहीत नसेल तिथे विकताना म्हणायचो, "पाहा, डोक्शावरचा पदर ढळला नाई. खानदानी बाई हाये." एकच नाणं, सकाळी विधवा आणि दुपारी सवाशीण. यात मला कधी काही वाटलं नाही. धंदा होता.

चार वर्षांपूर्वी जऊळक्याला एका घरी गेलो. घरच्या बाईचा नवरा जाऊन वर्ष झालेलं, थोरल्या पोरीचं लग्न ठरलेलं. तिच्याजवळ एक पदरवाली होती, सासूच्या पोतीतली, ओवायला वर कडी डाकलेली. तिला ती विकायची नव्हती. राणीची गोष्ट तिच्या कानावर नव्हती; पोरीच्या पोतीत घालायची होती, म्हणून नुसतं वजन करून मागितलं. पण मला ती पाहिजे होती. मी म्हटलं, "रांडव बाईच्या हातून रांडव राणी पोरीच्या गळ्यात. तुमीच पाहा, शोभते का."

 तिने गिन्नी माझ्या हातावर ठेवली आणि मी म्हटलं त्या भावात दिली.

बायको आत बसली होती. तिने सगळं ऐकलं. त्या दिवशी ती गाडी थांबते त्या फाटकापर्यंत माझ्या पुढे चालली, गाडीत दुसऱ्या बाकावर बसली. त्यानंतर जऊळक्याला ती कधी आली नाही. मी विचारलं, काहून? ती म्हणाली, "तुमाले माईत हाये काहून."

पुढे तिला पोटाचं दुखणं जडलं, ते वाढलं तेव्हा अकोल्याला दवाखान्यात ठेवलं. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. एक दिवस म्हणाली, "त्या बाईची गिन्नी तिची तिले नेऊन द्या." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? तिसऱ्या दिवशी ती गेली.

ती गिन्नी मी तेव्हाच अनसिंगला विकली होती. घर माझ्या पक्क्या ध्यानात होतं. आठ महिने आज जातो, उद्या जातो केलं. मग या महिन्यात घरच्या चार भिंती अंगावर यायला लागल्या तेव्हा एक दिवस गेलो. खिशात माझ्याजवळ उरलेली एकुलती एक गिन्नी होती, राजाची, बिनकडीची, म्हणजे डाक न लागलेली, भावाला जास्त.

अनसिंगची बाई ओळखून म्हणाली, "या काका. काकू नाई आल्या?"

सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला, चहा टाकला. मग मी विषय काढला. ती म्हणाली, "ते तं आमी सोमवारी सोनाराकडे नेऊन राह्यलो. गाळून सुनेले बांगड्या करतो. नवं सोनं घेणं आता कोणाच्या बापाच्यानं व्हते?"

"गाळू नोका," मी म्हटलं. "मले द्या. तिच्या बदल्यात हे घ्या."

तिने माझी गिन्नी उलटीपालटी करून पाहिली. "बिनकडीची देता? कडीवालीच्या बदल्यात?"

"हो."

"वरून किती घेता?"

"काही नाई."

तिचा चेहरा बदलला. तिने आतून पोराला बोलावलं. बावीस-पंचवीसचा गडी, त्याने पदरवालीचा दोन्ही अंगांनी मोबाईलवर फोटो काढला आणि बोट फिरवत राहिला. "आई, थांब. जुनी राणी हाये. इथं एक जण सांगून राह्यला, असल्या नाण्याचे लाखो भेटतात."

"लोकायले येडं बनवतात ते, भाऊ," मी म्हटलं.

"मंग तुमी इतक्या दूर कायले आले?"

मग मी खरं ते सांगितलं. जऊळक्याची बाई, मी काय बोललो ते, बायकोचं मागणं. दोघंही ऐकत होती. माझं झाल्यावर आई म्हणाली, "काका, राग मानू नोका. देताना तुमीच म्हणले व्हते, खानदानी बाई हाये, पदर ढळला नाई. आता न्यायले आले तं म्हणता रांडव हाये, अन् मरेल बायकोचं नाव घेता. तुमचं कोणतं खरं धरावं?"

चाळीस वर्षं मी तोंडावर धंदा केला. त्या वेळी माझी गिन्नी उचलून खिशात टाकली.

पोरगा म्हणाला, "गाळत नाई आता. ठेवतो. भाव पाहू."

वाशीमच्या स्टँडवर मालेगावच्या दोन गाड्या समोरून सोडल्या. घरी जाऊन काय करायचं होतं? रागही आला, बायकोचाच आला. जाताना असलं काम कोणी मागं ठेवतं का? तिसऱ्या गाडीने गेलो, रात्रभर पाठ टेकली नाही, आणि उजाडल्यावर पदरवालीशिवायच जऊळक्याला गेलो.

ती अंगणात सुपात तूर पाखडत होती. "एकलेच, भाऊ? वयनी कुठी हायेत?"

सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं, की गिन्नी परत आणायला गेलो होतो, मिळाली नाही. की ते रांडव राणीचं बोलणं भाव पाडायला होतं. सराफ असलं काही मानत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिने सूप परत उचललं. पाखडता पाखडता म्हणाली, "गिन्नीचं मरू द्या. थोरलीच्या हयदीले मी कोठीत बसून व्हती. तुमी म्हणले ना, रांडव बाईच्या हातून. म्या म्हटलं असंन बाप्पा, दहा गावं हिंडणारा माणूस हाये, त्याले माईत असंन. पोरगी आवाज देऊन राह्यली, आई ये, आई ये. म्या आतून दार लावून घेतलं."

मी एका नाण्यासाठी बोललो होतो. पोरीच्या हळदीला ती कोठीत बसली, हे मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोला माहीत होतं का, कोण जाणे. बायांचं बायांना कळत असेल.

"तुमची बाई गेली," ती म्हणाली. "लग्नात तुमाले कोणी म्हणते का, मांग बसा?"

"नाई."

"पुढं बसवतात?"

"बसवतात."

ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "धाकटीची हयद बेस्तरवारी हाये. माह्या नणंदा, जावा सगळ्या राह्यतीन. आता जे मले सांगतलं ते त्यायच्यापुढं सांगान?"

"बायायच्या मधात मी काय बोलू?"

"तवा बोलले ना."

गुरुवारी मी पहिल्या गाडीने गेलो. मांडवात बायाच बाया. एकीने विचारलं, "हा म्हातारा कोणाकडचा वं?" दुसरी म्हणाली, "आचारी असंन." मी नवरीच्या पाटाजवळ जाऊन उभा राहिलो आणि बोललो.  "ते राणीचं म्या खोटं सांगतलं व्हतं," म्हटलं. घरची बाई म्हणाली, "पुरं सांगा, भाऊ." मग पुरं सांगितलं, तिच्याबद्दल जे बोललो होतो तेही.

 मग थोरली नणंद म्हणाली, "गिन्नीवाल्याचं काय आयकता? त्याचा धंदाच बोलाचा हाये. तवा एक बोलला, आता दुसरं."

दोघीतिघींनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं, ही आता उठून कोठीत जाते. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, नणंदेकडेही नाही. तिने बाह्या वर केल्या, हळदीच्या वाटीत दोन्ही हात मनगटापर्यंत घातले आणि पोरीला म्हणाली, "मान खाली कर, माय."