मामांनी पाहिलेले दवाखाने

परभणी जिल्ह्यात ठणठणीत प्रकृतीने सगळ्यात जास्त दवाखाने हिंडलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी जराही न अडखळता माझ्या थोरल्या मामांचं नाव घेईन. मामांना कधी साधी सर्दी झालेली मला आठवत नाही. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, पालमपासून जिंतूरपर्यंतची सगळी धूळ त्यांनी छातीत भरून घेतली, पण खोकल्याची गोळी म्हणून कधी तोंडात टाकली नाही. आणि तरीही एका उन्हाळ्यात हा माणूस कण्हत, कुंथत, पोटावर नाहीतर छातीवर हात ठेवून दवाखान्यामागून दवाखाने पालथे घालत होता. तो उन्हाळा म्हणजे मी नर्सिंगचा कोर्स पुरा करून नोकरी शोधत होते तो.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई मला घेऊन पालमला मामांकडे आली आणि तिथलीच झाली. त्यामुळे माझ्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट मामांच्या हाताखालून गेली, आणि मामांच्या हाताखालून काही जाणं म्हणजे काय हे ज्याचं गेलं त्यालाच माहीत. लांबून पाहून, कुणाला विचारून, जाहिरात वाचून एखादी गोष्ट ठरवणं हे त्यांच्या मते आळशी माणसाचं काम. घरात बाज मोडली तेव्हा ते परभणीला लाकडी पलंग घ्यायला गेले. दुकानात एकेका पलंगावर आडवे होत होते. चौथा की पाचवा पलंग इतका पसंत पडला की तिथंच घोरायला लागले. दुकानदाराने शटर ओढायच्या वेळेला हलवून उठवलं, तर डोळे चोळत म्हणाले, "हाच बांधा." मामेबहिणीला चुडाव्याचं स्थळ आलं तेव्हा रीतसर पाहुणे म्हणून जायच्या आधीच मामा एकटे रेल्वेने तिथं जाऊन आले. स्टेशनाबाहेर चहा पीत बसले, बकऱ्या घ्यायला आलोय म्हणाले, आणि शेजारच्या माणसाला विचारलं, "ते अमुक घर कसं हाय हो?" तो माणूस नेमका नवऱ्या मुलाचा बाप निघाला. त्या दिवशी भावाशी भांडून आलेला असल्याने त्याने स्वतःच्याच घराचा असा काही उद्धार केला की, तो कोण हे कळल्यावर मामा खूश होऊन परतले. "घर बिलकूल साधं हाय," त्यांनी मामीला सांगितलं, "पन मानूस खोटं बोलत न्हाई. देऊन टाकू पोरगी." ते लग्न उत्तम झालं, हे सांगितलंच पाहिजे.

तर माझ्यापुढे तीन जागा होत्या. नांदेडचं एक मोठं, काचेच्या दाराचं हॉस्पिटल. परभणीतलं एक मध्यम. आणि जिंतूरमधलं एका बाईडॉक्टरांचं लहानसं, मुख्यतः बाळंतपणाचं, पण बाकीचे पेशंटही बघणारं. मैत्रिणी म्हणत होत्या नांदेड, आई म्हणत होती परभणी, कारण तिथून घरी यायला सोपं. मी काही बोलायच्या आत मामांनी पायात चपला घातल्या होत्या. "पेशंट होऊन गेल्याबिगर दवाखाना कळत न्हाई," ते म्हणाले. "तू माझी भाची म्हनून संगं चल. नर्स हायस हे बोलायचं न्हाई."

नांदेडला त्यांनी काउंटरवर छातीत कळ आल्याचं सांगितलं. डॉक्टरांसमोर जाईपर्यंत कळ गुडघ्यात उतरली होती. डॉक्टर बिचारे कधी कागदाकडे बघत, कधी गुडघ्याकडे. त्यांनी धोका नको म्हणून ईसीजीची पट्टी काढायला पाठवलं. तिथल्या रांगेत धक्काबुक्की चाललेली पाहून मामांचा मूळ स्वभाव उफाळून आला. त्यांनी बायाबापड्यांना एका बाजूला घेतलं, धडधाकट लोकांना मागं सारलं, आणि "आत जागा हाय, घाई करू नका" असं म्हणत सगळी रांग सरळ करून टाकली. छातीत कळ आलेला पेशंट हे करताना पाहून तिथला वॉचमन त्यांना नमस्कार करायला लागला. बसस्टँडवर आल्यावर मात्र मामा म्हणाले, "पोरी चांगल्या हायत. पन एक पोरगी दाराआड जाऊन पानी पीत होती. पानी प्यायला कामून लपावं लागतंय? न्हाई, इथं न्हाई."

परभणीला तर कहरच झाला. पेशंटला वर बघितल्यावर काय दिसतं ते पाहावं म्हणून मामा वॉर्डातल्या एका रिकाम्या पलंगावर आडवे झाले आणि मला चहा आणायला पिटाळलं. मी चहा घेऊन येते तो पलंग रिकामा, आणि एक भांबावलेला माणूस तिथं उभा राहून विचारतोय, "बाई, माझी जागा कुठं गेली?" हा हर्नियाच्या ऑपरेशनचा पेशंट होता. तो संडासला गेला होता तेवढ्यात त्याच्या जागी मामांना हिरवा झगा चढवून नेलं होतं. मी चहा टाकून धावले. ऑपरेशन थिएटरच्या दारात मामा स्ट्रेचरवर उठून बसले होते आणि बाजूच्या लोखंडी दांडीवर टकटक करत ओरडत होते, "थांबवा! गाडी थांबवा!" डॉक्टर संतापले, मामा त्यांच्याहून जास्त. "झगा घातला तवा मला वाटलं तपासायलेत," ते म्हणाले. "पन एकानंबी नाव इचारलं न्हाई माझं! माझ्या गाडीत तिकिटाबिगर कुनी बसलं तर मी इचारायचो का न्हाई?" मला हसावं की रडावं कळेना.

जिंतूरला मामांना पोटात दुखायचं होतं. तिथल्या वयस्क सिस्टरबाईंनी त्यांचं पोट दाबून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसल्या. "काका, पोटबिट कायबी न्हाई दुखायलं तुमचं. पोरगी कवाची सलाईनच्या नळीकडं बघायली. नोकरी बघायला आलात ना? बसा, च्या घ्या." मामा इतके खूश झाले की दोन कप प्याले. परतीच्या गाडीत त्यांनी निकाल जाहीर केला: जिंतूर. विषय संपला.

माझा मात्र संपला नव्हता. नांदेडला मामांची पट्टी निघत होती तेव्हा मी अतिदक्षता विभागाच्या काचेतून आत पाहत होते. एक सिस्टर एका बेशुद्ध बाईशी बोलत होती. हात आपलं काम करत होते, नजर मशीनवर, आणि तोंडाने त्या बाईला सांगत होती, आता कूस बदलते हं मावशी, आता थोडं टोचेल. ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं. मला ते शिकायचं होतं. जिंतूरला माया होती, पण ते तिथं शिकायला मिळणार नव्हतं.

मामांना हे सांगायचं धाडस होईना. शेवटी एका सकाळी ते अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले असताना मी समोर बसले आणि मला नांदेडलाच जायचंय असं सांगून टाकलं. मामांचा हात थांबला.

"मंग मी एवढा हिंडलो ते कायला?"

"तुमी हिंडलात म्हनून तर मला आतून बघायला भेटलं, मामा."

मामा शेंगांचं सूप तसंच ठेवून उठले आणि शेताकडे निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. आई मला बोलली, मामी आईला बोलली. घरात मामांच्या शब्दाबाहेर आजवर कुणी गेलं नव्हतं, आणि ज्यांच्या घरात खाऊन वाढले त्यांच्याच शब्दाबाहेर मी गेले होते. संध्याकाळी मामा आले, हातपाय धुतले, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दाराआड पानी प्यायचं न्हाई. कुनी काय म्हनलं तर माझं नाव सांग." एवढंच. तीच परवानगी होती.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. मी अजून त्याच हॉस्पिटलात आहे. सगळं मनासारखं झालं असं नाही. पाय दुखतात, वरिष्ठांशी भांडावं लागतं, आणि कधीकधी जिंतूरच्या त्या सिस्टरबाईंचा चहा आठवून वाटतं की मामांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्या विभागासाठी आले तिथंच काम करते, आणि बेशुद्ध माणसांशी बोलते. मामांची आठवण आली की इतक्या गमती सोडून मला माझा कामाचा पहिला दिवस डोळ्यांपुढे येतो.

मला सोडायला ते आले होते. दुपारच्या गाडीने परत जा, असं मी सांगितलं होतं. संध्याकाळी ड्यूटी संपवून बाहेर आले तर मामा खालच्या हॉलमधल्या बाकावर तसेच बसलेले. दिवसभर बसले होते. मी गणवेशात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तसे ते घाईघाईने उठले, धोतराचा सोगा नीट केला, टोपी सरळ केली. डेपो मॅनेजर आले तरी बसल्या जागेवरून बोलणारा हा माणूस.

"सिस्टर," ते म्हणाले, "मी निघू का?"

"मामा, मला काय सिस्टर म्हनता?"

"इथं असंच म्हनायचं असतंय," ते हळूच म्हणाले. "जय भीम. जपून ऱ्हावा."

आणि ते काचेच्या दारातून बाहेर पडले. वळून बघतील म्हणून मी तिथंच थांबले, पण ते वळले नाहीत. रस्त्याच्या गर्दीत बसस्टँडकडे चालत गेले. खिशातली दस्ती काढून त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मग ती हातातच धरून चालत राहिले, दिसेनासे होईपर्यंत.