मलकापूरला शेवटच्या पानाबद्दल विचारलं तेव्हा

आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. माझ्या पहिल्या कादंबरीला स्पर्धेत बक्षीस मिळालं ते शेवटच्या पानामुळे, आणि ते पान माझं नव्हतं.

स्पर्धेला टाइप केलेल्या तीन प्रती लागत. कोल्हापुरात कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या दस्तगीरचाचांनी त्या करून दिल्या. मुदत संपत होती, मी न वाचताच पाकीट टपालात टाकलं. माझी नायिका शेवटी पंचगंगेत उडी घेत होती. चाचांनी तिला घाटावर पाय धुवायला लावून घरी पाठवलं. परीक्षकांनी 'संयत शेवट' म्हणून वाखाणणी केली, तेव्हा कुठे मी स्वतःसाठी ठेवलेली चौथी, कार्बन प्रत उघडली. गप्प बसलो. पुस्तकही तसंच छापून आलं.

नव्वदीचं दशक सरत होतं. "खपवायचं आता तुम्ही," म्हणून प्रकाशकानं हात झटकले. एका रविवारी दोन गठ्ठे घेऊन मी मलकापूरची एसटी धरली. तिथल्या वाचनालयानं बोलावलं होतं.

"पावणं, गठ्ठ्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"पुस्तकं."

"शाळंची?"

"कादंबरी."

"मग न्ह्याची कशाला? परत आणायचीच की!"

अख्खी गाडी हसली. डावीकडे पन्हाळा, दोन्ही अंगाला ऊस. बघायची इच्छाच राहिली नाही. बांबवड्याला कटवडा (तिखट रश्श्यात बुडवलेला वडा) घेतला, तर गाडीनं हिसका दिला आणि कट वरच्या पुस्तकावर सांडला.

वाचनालयात अकरा माणसं. अध्यक्ष पाऊण तास स्वतःच्या कवितांवर बोलले आणि कादंबरीचं नाव दोनदा चुकले. मग एका मास्तरांनी विचारलं, "एवढा साधा शेवट कसा सुचला?"

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत चाचा दिसले. डोक्यावर टोपी, मांडीवर माझं पुस्तक. ते मुलीकडे मलकापूरला राहायला आलेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

"लिहिता लिहिता सुचत गेला," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. चाचांनीही वाजवल्या.

नंतर ते सहीला आले. हळूच म्हणाले, "सर, एक पान मी जरा हलवलंतं. पोरगी मरतीया म्हटल्यावर बोटंच उठंनात. रागावला न्हाईसा न्हवं?"

खोली रिकामी होती. ऐकणारं कुणी नव्हतं.

"कुठलं पान, चाचा?" मी विचारलं.

चाचांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मग हसले. "बरं बरं. ऱ्हाऊ द्या. सही करा की."

मी सही केली. परतीच्या गाडीत दोन्ही गठ्ठे जवळपास तसेच होते. सगळ्यांवर चिडलो होतो: प्रकाशकावर, अध्यक्षांवर, कंडक्टरवरही. चाचांवर चिडता येईना, म्हणून डोळे मिटून घेतले.

पुढे दुसरी आवृत्ती निघाली. प्रस्तावनेत मी सगळ्यांचे आभार मानले, कव्हर करणाऱ्याचेसुद्धा.

चाचा अजून मलकापुरातच असतात. शेवटचं पान तुम्ही लिहिलंत, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं, एवढं त्यांना तोंडावर सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.