घराबाहेरची प्रत

फोटोग्राफर मंडळींत त्याला इस्त्रीवाला म्हणत. कपड्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या काढायचा. लग्नाचे फोटो दुसरे काढत आणि मग नवरीचा मुरूम, नवऱ्याची ढेरी, मागे तोंड वासून जांभई देणारा कुणीतरी काका, हे सगळं निस्तरायला हा बसे. शहरातल्या निम्म्या नवऱ्यामुली त्याला नाकीडोळी पाठ होत्या. बाजारात मात्र त्यांतली एकही ओळखू यायची नाही, कारण बाजारात त्या आपलं खरं तोंड घेऊन येत.

त्याची कामाची खोली राखाडी होती. भिंती राखाडी, पडदे राखाडी, टेबलावरचं कापडही तेच. आजूबाजूचे रंग डोळ्यांना फसवतात, असं त्याचं म्हणणं. बायको लाल कपड्यांत चहा घेऊन आली तर तो तिला दारातच थांबवी; तिच्या कपड्यांची छटा स्क्रीनवरच्या नवरीच्या गालावर पडते म्हणे. तीही मग कप उंबऱ्यापाशी ठेवून निघून जायची. चहा बहुतेक वेळा गारच प्यायला जाई.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. एखादा फोटो उघडायला सांगितला की तो आधी विचार करी, मग घरघरे, आणि मग उघडला तर उघडला. शेवटी इस्त्रीवाल्याने मनावर घेतलं आणि कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा दुकानदार गाठला. हा दुकानदार त्याचा शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायचं तसं गोड तो याच्याशी कधीच बोलत नसे.

"चालू कामासाठी एसएसडी घे," दुकानदार म्हणाला. "लहान असली तरी चालेल, पण वेगवान हवी. संपलेली लग्नं मोठ्या हार्ड डिस्कवर टाक. त्यांना कुठे पळायचंय?"

"आणि मोठी बिघडली तर?"

"मग मागच्यासारखी जोडी लावून देतो. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप."

"जोडी नको." हे त्याने इतक्या झटकन म्हटलं की दुकानदाराने मान वर केली. "डिस्क बिघडली तर जोडी वाचवते, कबूल," इस्त्रीवाला जरा सावरून म्हणाला. "पण माणसानेच चुकून काही पुसलं तर दुसरीही लगेच पुसते. अशी हो ला हो करणारी काय कामाची?"

"मग बाहेरून जोडायच्या दोन घे. पण एकाच खोक्यातल्या नको, वेगवेगळ्या कंपन्यांच्या घे. एकत्र जन्मलेल्या कधीकधी एकत्रच आजारी पडतात. एकीवर घरी कॉपी घेत राहायचं, दुसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवायची. महिन्याला अदलाबदल. तुझ्याकडे चोर शिरू दे नाहीतर आग लागू दे, लोकांची लग्नं शाबूत."

"नेटवर चढवली तर?"

"तुझ्या नेटवर? एक लग्न चढेपर्यंत त्यांना मूल होईल."

डिस्क निवडणं असं एका बैठकीत उरकलं. घर निवडताना मात्र घोडं अडलं. शेजाऱ्याची भिंत यांच्या भिंतीला चिकटलेली. आग लागली तर दोघांनाही लागणार. बायकोच्या भावाकडे ठेवलेली वस्तू परत मिळायची, पण त्याच्या सगळ्या पाहुण्यांनी हाताळून झाल्यावर. एका फोटोग्राफर मित्राचं नाव निघालं, ते त्याने स्वतःच खोडलं. धंद्यातल्या माणसाच्या हातात दुसऱ्यांचं काम कोण देतं?

"धाकटीकडे ठेवा की," बायको दारातून म्हणाली.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. एका हॉस्पिटलात औषधांचं कोठार सांभाळायची. तिच्या हातून आजवर सुईसुद्धा हरवली नव्हती. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, कोरडं ठणठणीत. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती.

"बघू," म्हणून तो स्क्रीनकडे वळला. ते 'बघू' बायकोच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

धाकटीच्या लग्नाचे फोटो त्याने स्वतः काढले होते. दुसऱ्या कुणाला कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. मग सीझन सुरू झाला. गिऱ्हाइकांचे अल्बम आधी; घरचं काय, कधीही होईल. "दादा, अल्बम?" असं ती विचारी आणि हा म्हणे, "करतो गं." गिऱ्हाइकांच्या फोल्डरवर नाव असे, तारीख असे. तिच्या फोल्डरवर त्याने नुसतं 'घरचं' लिहून ठेवलं होतं. आज करू, उद्या करू करत दोन वर्षं गेली. मग ऐन सीझनमध्ये जागा संपली आणि याने घाईघाईत झाडलोट काढली. नवी लेन्स तपासताना काढलेले खिडकीचे आणि मांजराचे फोटो असतील, असं समजून त्याने ते फोल्डर पुसलं. जोडीतल्या दुसऱ्या डिस्कनेही तत्परतेने पुसलं. लक्षात आलं तोवर त्या जागेवर दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न जाऊन बसलं होतं.

हे सांगायला त्याने बायकोला पाठवलं आणि त्यानंतर तो धाकटीच्या घराची पायरी चढला नाही. भांडण नाही, अबोला नाही. बोलावणं आलं की सीझन आहे. सीझन नसला की डोळे दुखताहेत. फोनवर "बरी आहेस ना?" एवढ्यावर वेळ मारून न्यायची. लोकांच्या बहिणींची तोंडं उजळणारा माणूस सहा वर्षं सख्ख्या बहिणीला तोंड चुकवत होता. लाज फार आळशी असते. एकदा ठाण मांडून बसली की उठायचं नाव घेत नाही.

नवा कॉम्प्युटर आला, सगळ्या लग्नांची कॉपी झाली, आणि भरलेली डिस्क टेबलावर नुसती पडून राहिली.

"तू नेऊन देतेस का?" त्याने बायकोला विचारून पाहिलं.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "तुमची डिस्क, तुमची बहीण."

रविवारी सकाळी त्याने डिस्क टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि बस पकडली. रस्ताभर पिशवी मांडीवर धरून बसला होता. तिने दारातूनच परत पाठवलं तर काय म्हणायचं, हे काही त्याला सुचलं नाही.

दार धाकटीनेच उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे पाहिलं. "वहिनी?"

"नाही आली. मी एकटाच."

"ये."

तिच्या नवऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चहा टाकतो म्हणून तो स्वयंपाकघरात सटकला. इस्त्रीवाल्याने टॉवेल सोडला आणि गिऱ्हाइकाला समजवावं तसं तो सांगायला लागला. कोरड्या जागी ठेवायची. पाडायची नाही. महिन्याने मी ही नेईन, दुसरी देईन.

"काय आहे हिच्यात?"

"लोकांची लग्नं."

"सगळी?"

त्याची मान खाली गेली. "तुझं नाही," तो म्हणाला. "तुझं मी पुसलं. आणि स्वतः सांगायलाही आलो नाही."

धाकटीने डिस्क हातात घेऊन उलटी केली, औषधावरची तारीख बघावी तशी. "फोटोंसाठी मी रडले, खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "पण नवरा काय, रोज समोर बसलेला असतो. जाड झालाय, एवढंच. त्याला बघायला अल्बम कशाला हवा? तू कसा दिसतोस ते मात्र मी विसरत चालले होते."

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. जाड झालेल्याने ऐकलं होतं.

तिने कपाट उघडलं, चादरींच्या घड्यांमध्ये डिस्क नीट बसवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

"महिन्याला बदलायची म्हणालास ना?"

"हो."

"मग ऐकून ठेव, दादा. वहिनीच्या हाती दुसरी पाठवलीस तर मी घेणार नाही. आणि ही देणारही नाही. लोकांची लग्नं अडकली तर अडकली."