काचेखालच्या जोड्या

खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या ऑफिसात सगळे तिला नुसतं बाई म्हणत. पाठीमागे तिचं नाव होतं ‘लग्नं जुळवणारी’. त्याला कारण तिच्या टेबलावरच्या काचेखालची यादी. इंग्रजीत कोणत्या विशेषणाचं कोणत्या नामाशी जमतं, त्याची.

वडील गेले त्या वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, ती टायपिस्ट म्हणून लागली. पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकाला जायच्या पत्रात तिनं ‘बिग रिग्रेट’ लिहिलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि पोट धरून हसले. इंग्रजीत खेद मोठा नसतो, खोल असतो, ‘डीप’ असतो, एवढं सांगायची तसदीही घेतली नाही. तिनं ते जुन्या फायलींतून शोधून काढलं. मग नादच लागला. चहा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’, सहकार्य ‘फुल’. का, ते विचारायचं नाही. ज्याचं ज्याच्याशी ठरलंय तेच लिहायचं. बावीस वर्षांत यादी चार पानांची झाली. आता तेच साहेब येऊन विचारत, “बाई, आमच्या ‘अटेन्शन’साठी एखादं बरं स्थळ?” मान वर न करता ती म्हणे, “त्याचं ‘अर्जंट’शी कधीच जमलंय.”

धाकट्या बहिणीला तिनंच शब्द टाकून तिथे लावलं होतं, पुठ्ठा कापायच्या मशीनवर. मंगळवारी सकाळी साडेनऊला त्या मशीनचं पातं धाकटीच्या हातावर आलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आईला दवाखान्यात बसवून बाई ऑफिसात परत आली. सरकारी इन्स्पेक्टरकडे दुपारपर्यंत अहवाल जायचा होता, आणि तो दुसऱ्या कुणी लिहायला नको होता. चूक कामगाराची ठरली की त्याला कामावरून कमी करायचं, हा तिथला रिवाज. साहेब म्हणाले, फार वाईट झालं, पण अहवाल नेहमीसारखाच करा, दोन ओळींचा.

ती बसली. बाहीवर धाकटीच्या रक्ताचा डाग वाळला होता. आणि तिची बोटं आपली चालू लागली. ‘मायनर इंज्युरी’. किरकोळ इजा. पुढे ‘ह्यूमन एरर’. माणसाची चूक.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि तिच्या अंगाची आग झाली. साहेबांवर नाही, आधी स्वतःच्या हातांवर. ही जोडी या हातांनी याआधी सात वेळा लिहिली होती. सात माणसं. त्यातला एकच चेहरा तिला आठवला, फडक्यात हात गुंडाळून दारात उभा राहिलेला. बाकीच्यांची फक्त जोडी आठवत होती.

तिनं कपाट उघडलं. फिटरचं पत्र वरच होतं: पात्यापुढची जाळी तुटली आहे, नवी येईपर्यंत मशीन बंद ठेवा. अकरा दिवसांपूर्वीचं. त्यावर आवक शिक्का तिनंच मारला होता. उत्तरही तिनंच टाइप केलं होतं, ‘ड्यू कन्सिडरेशन’, म्हणजे योग्य तो विचार होईल. जोडी कशी चपखल बसली म्हणून त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं.

तिनं सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. दोन बोटं तुटली. जाळी अकरा दिवस नव्हती. फिटरनं लेखी कळवलं होतं. मशीन चालू ठेवलं. चार वाक्यं, काचेखालचं त्यात काहीच नाही. सोबत पत्राची प्रत जोडली.

साहेबांनी कागद वाचला. “हे काय इंग्रजी आहे, बाई? शाळकरी पोरीसारखं.”

“माझ्या पहिल्या महिन्यातलं आहे.”

त्यांनी आवाज खाली आणला. तुमची मनःस्थिती ठीक नाही, घरी जा, आम्ही दुसऱ्याकडून टाइप करून घेतो, असं म्हणत त्यांनी पहिली ओळ खोडायला पेन काढलं. तिनं निरोप धाडलेले फिटरकाका दारात येऊन उभे होते.

“खोडा,” ती म्हणाली. “वर तुमच्या अक्षरात लिहा, किरकोळ. खाली सही करा. बावीस वर्षं हा शब्द मी लिहिला आणि तुम्ही नुसती सही केलीत. आज तुम्ही लिहा. काकांकडे त्यांच्या पत्राची दुसरी प्रत आहे, इन्स्पेक्टर दोन्ही शेजारी ठेवून वाचतील.”

पेन कागदावर टेकलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला, शब्द काही उमटला नाही. साहेबांनी तिच्याकडे न बघता खाली सही ठोकली आणि कागद ढकलला.

“तुमच्याकडे नंतर बघतो.”

“बघा.”

तिनं जावक वहीत नोंद केली, पाकीट शिपायाच्या हातात दिलं, तो फाटकाबाहेर पडेपर्यंत खिडकीत उभी राहिली. संध्याकाळी धाकटी विचारेल, काय लिहिलंस? तिला सांगता येईल, चूक तुझी नव्हती. पण बाकीच्या सात घरांतल्या माणसांबद्दल तिनंच उलटं लिहून पाठवलं होतं.

तिनं काच उचलून यादी ओढली. पानं काचेला चिकटली होती, अर्धीच निघाली. उरलेली तिनं नखांनी खरवडली. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जुने अहवाल काढून टेबलावर टाकले.

“काका, या सातही जणांचे पत्ते असतील ना तुमच्याकडे?”

फिटरनं नावं वाचली. “दोघं गेले, बाई. पाच मिळतील.”

“पाच द्या,” ती म्हणाली आणि कोरा कागद पुढे ओढला.