उजवीकडची सीट

शेखरकाकांच्या गाडीच्या डिकीत बाथरूममधला एक वजनकाटा कायम असे. अठ्ठावीस वर्षं गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात गेलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर दर शनिवारी पासिर रिसच्या घरून फ्लाइंग क्लबात जाई. काम एकच. ज्यांना नुकतंच खाजगी वैमानिकाचं लायसन मिळालंय, त्यांच्या शेजारी उजवीकडच्या सीटवर बसायचं. शिकवायचं नाही. परीक्षा झालेली असते, शिक्षक सुटलेला असतो, आणि माणूस पहिल्यांदाच आकाशात एकटा पडतो. त्या एकटेपणाला सोबत म्हणून काका. विमान हललं की ते दोन्ही हात मांड्यांखाली घेत. हात मोकळे राहिले की शहाणपणा करतात, असं त्यांचं म्हणणं.

क्षिप्राला लायसन मिळून दोन महिने झाले होते. सेंगकांगला राहायची, बँकेत नोकरी. दोन महिन्यांत नऊ उड्डाणं, आणि नऊही काकांबरोबर. "काका, शनिवारी आहात ना?" हा तिचा मेसेज गुरुवारीच येई. काकांना तो आवडे. आवडतो याची थोडी धास्तीही वाटे.

त्या शनिवारी ती सासूसासऱ्यांना घेऊन आली. मंगळवारी ते पुण्याला परतणार होते. सुनेच्या विमानात बसायचं म्हणून नंदाताईंनी नवे पांढरे बूट घेतले होते.

काकांनी काटा जमिनीवर ठेवला. "चला, एकेक जण."

"वजन कशाला? मी अडुसष्ट," सासरे निशिकांतराव म्हणाले.

"कधी? लग्नात?" नंदाताईंनी विचारलं.

काटा एक्याऐंशीवर थांबला.

"बूट आहेत पायात."

"तेरा किलोचे?"

स्वतःच्या वेळी मात्र नंदाताईंनी पुरुषांना पाठ फिरवायला लावली. "क्षिप्रा, तू बघ. आणि मोठ्यानं वाचू नकोस." मग त्यांची पिशवी काट्यावर चढली. भडंग, बेसनाचे लाडू, दाण्याची चटणी. सात किलो.

क्षिप्रानं कागदावर बेरीज केली. पुन्हा केली. विमानाला झेपेल त्यापेक्षा एकावन्न किलो जास्त. पिशवी खालीच ठेवली तरी चव्वेचाळीस. टाकी काठोकाठ भरलेली होती. 'पेट्रोल कमी घेऊन कोणी शहाणं झालेलं नाही' हे काकांचंच वाक्य, तिनं सकाळी ते पाळलं होतं. आता काढायला तास गेला असता, आणि उड्डाणाची ठरलेली वेळ पंचवीस मिनिटांवर होती. ती हुकली की आजचा दिवस हुकला.

"चव्वेचाळीस म्हणजे काय गं?" निशिकांतराव म्हणाले. "रिक्षातून आम्ही सहा-सहा जण जायचो."

"बाबा, रिक्षा बंद पडली तर रस्त्यावर उभी राहते."

"मी राहते," नंदाताई म्हणाल्या. "ह्यांना ने. मी खालून हात करेन." त्या स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या.

क्षिप्रानं काकांकडे पाहिलं. "काका, काय करू?"

पिशवी पाहिली तेव्हाच काकांना उत्तर कळलं होतं. इथे बसायला सीट नव्हती, म्हणून त्यांनी हात खिशात कोंबले. हे तिनं स्वतः म्हटलं नाही, तर नऊ वेळा आपण सोबत केली नाही. तिला पांगळं केलं.

"कॅप्टन तू आहेस," ते एवढंच म्हणाले.

ती कागदाकडे बघत राहिली. मग पेन्सिलीनं एक आकडा खोडला.

"काका, तुम्ही राहा."

"बरं."

"राग मानू नका हं."

"अगं, चौऱ्याऐंशी किलोचा माणूस. राग आणखी कुठे ठेवू?"

"मग शेजारी कोण?" निशिकांतरावांनी लगबगीनं विचारलं.

"आई बसतील पुढे."

"मी? आणि माझ्या हातून काही दाबलं गेलं तर?"

"वहिनी, हात मांड्यांखाली घ्यायचे," काका म्हणाले. "माझं तेवढंच ज्ञान आहे."

विमान धावलं, उचललं गेलं, समुद्राच्या बाजूला वळून लहान होत गेलं. माणसं सुटताना बहुधा आवाज होत नाही. इथे निदान इंजिन होतं. हात खिशातून कधी बाहेर आले ते काकांना कळलं नाही. त्यांनी मागे राहिलेल्या पिशवीतला लाडवांचा डबा उघडला.

चाळीस मिनिटांनी विमान परतलं. टेकलं, एकदा उसळलं आणि नीट बसलं. नंदाताई उतरल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही तळव्यांवर सीटच्या कापडाची नक्षी उमटली होती.

"ही म्हणत होती, आता काढा हात," त्या सगळ्यांना तळवे दाखवत म्हणाल्या. "मी नाही काढले!"

"आणि तोंड एक मिनिट मिटलं नाही," मागून निशिकांतराव.

जाताना नंदाताईंनी डबा काकांकडेच ठेवला.

पुढच्या गुरुवारी मेसेज आला नाही. काकांनी दोनदा फोन पाहिला, आणि मग शेवटचा लाडू खाऊन टाकला.